पोर्तुगीजचा गंध नसताना ब्राझीलचं गाणं कसं ऐकायचं

सगळ्यात आधी, लिरिक्स शोधू नका. ही पहिली पायरी आहे आणि खरं तर सगळ्यात अवघड हीच आहे, कारण हल्ली गाणं लावलं की स्क्रीनवर शब्द आपोआप सरकायला लागतात, खाली ट्रान्सलेटचं बटण असतंच, आणि एकदा का अर्थ वाचला की आपण गाणं ऐकायचं सोडून वाचलेलं कुठे येतंय ते हुडकत बसतो. अर्थ वाचायचाय, नक्की वाचायचाय. "संगीताला भाषा नसते" हे व्हॉट्सॲपवालं वाक्य मला कधीच पटलं नाही, भाषा असते आणि ती न कळल्याने नुकसानही होतं. फक्त अर्थाचा नंबर नंतरचा. आधी कानाला जेवढं मिळतंय तेवढं काढून घ्यायचं, मग कागदावरचं.

आणि हे आपल्याला नवीन थोडीच आहे. भीमसेनांचं "भाग्यदा लक्ष्मी बारम्मा" महाराष्ट्रात ज्या घरांत वाजतं त्यातल्या किती घरांत कन्नड कळतं? बंदिशीतली ब्रज आपल्याला निम्मी कळते, निम्मी आपण अंदाजाने चालवतो, आणि तराण्यात तर अर्थ शोधायचा प्रश्नच येत नाही. तरी समेवर मान हलतेच. म्हणजे लागणारा कान आपल्याकडे आहे, तो फक्त दुसऱ्या ठिकाणी वापरायचा.

आता गाणं. सुरुवातीला ढीगभर प्लेलिस्ट लावू नका, एकच गाणं घ्या आणि त्याचीच वेगवेगळी रेकॉर्डिंग्ज ऐका. मी सुचवेन टॉम जोबिमचं "आग्वास दे मार्सो", मार्च महिन्याचं पाणी. रिओच्या उच्चारात ते आग्वझ जी मार्सू असं काहीसं ऐकू येतं पण शोधताना रोमन अक्षरांत टाकायला लागेल. जोबिम म्हणजे बोसा नोवाचा, सांबातून निघालेल्या हळू, निवांत गाण्याच्या शैलीचा, बाप माणूस, 1927 मध्ये रिओत जन्मला, 1994 मध्ये न्यूयॉर्कमध्ये गेला. हे गाणं त्याने 1972 मध्ये केलं आणि ते पहिल्यांदा बाहेर आलं ते एका विनोदी, खवचट साप्ताहिकासोबत, ओ पास्किम नावाचं, त्यांनी काढलेल्या छोट्या रेकॉर्डवर. पुढे 2001 मध्ये फोल्या द साओ पाउलो या पेपरने संगीतातल्या लोकांना आणि पत्रकारांना ब्राझीलचं सगळ्यात चांगलं गाणं कोणतं म्हणून विचारलं तेव्हा हेच वर आलं. अशा याद्यांवर माझा फार विश्वास नाही, पण ज्या गाण्यात साधी चालसुद्धा धड नाही असं पहिल्यांदा वाटतं ते गाणं तिथले लोक वर का ठेवतात हा प्रश्न डोक्यात घेऊन ऐकायला मजा येते.

सुरुवात 1974 च्या रेकॉर्डिंगपासून करा. अल्बमचं नाव "एलिस अँड टॉम", गायिका एलिस रेजिना आणि सोबत स्वतः जोबिम. साडेतीन मिनिटांचं आहे. हेडफोन लावा, मोबाइलचा स्पीकर चालणार नाही, कारण पहिल्यांदा ऐकायचाय तो खालचा आवाज आणि मोबाइलमध्ये नेमका तोच गायब असतो. व्हिडिओ बघू नका. त्या स्टुडिओतलं शूटिंग नेटवर आहे आणि ते फार गोड आहे, पण ते नंतरसाठी ठेवा.

पहिल्या खेपेला गायकांकडे लक्षच द्यायचं नाही. बास ऐका, म्हणजे सगळ्यात खालचे, खर्जातले सूर वाजवणारी गिटार, लुइझाउ मायाचा बास. वरची चाल काय करतेय? जवळजवळ काहीच नाही. मोजक्या सुरांत, बहुतेक वेळ ग आणि सा च्या आसपास, घुटमळत बसलीय, एखादा माणूस काहीतरी पुटपुटतोय असं. आणि खाली बास एकेक पायरी उतरत चाललाय. वरचा सूर तोच आहे पण खालची जमीन बदलली की तो वेगळा लागतो, आत्ता जो निवांत वाटला तोच पुढच्या क्षणी थोडा काळजीत पडल्यासारखा. आपल्याकडे तंबोरा एका जागी धरून ठेवतो आणि सूर फिरतात, इथे बरोबर उलटा कारभार आहे, सूर बसलेला आणि आधार फिरतोय. हार्मनीचं, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांच्या मेळाचं, शिक्षण नसलेल्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट शब्दांत सांगितली तर डोक्यावरून जाते, पण या गाण्यात ती इतकी उघडी ठेवलीय की दोन-चारदा ऐकलं की कान आपोआप पकडतो. नाही पकडला तर एक युक्ती, चालीचा मुख्य सूर स्वतः गुणगुणत धरून ठेवा, हलू नका, आणि मागे गाणं वाजू द्या, तुमचाच सूर कसा रंग बदलतो ते कळेल.

दुसऱ्या खेपेला तोंडं ऐका. म्हणजे शब्द नाही, आवाजांचे तुकडे. जवळपास प्रत्येक तुकडा एका छोट्याशा "ए" ने सुरू होतोय हे पटकन लक्षात येईल, ए अमुक, ए तमुक, ए अमुक, आणि कुठेही गोष्ट पुढे सरकल्यासारखी वाटत नाही, ना प्रश्न, ना विनवणी, ना "हाय रे" टाइप उसासा. एवढ्यावरूनच तुम्ही ओळखू शकता की कोणीतरी यादी वाचतोय. आणि खरंच ती यादी आहे! भाषा न येता गाण्याची रचना कळली की नाही, हे मला फार भारी वाटतं. यादी कशाची ते राहू द्या आत्ता.

याच खेपेला उच्चारांकडेही बघा कारण ब्राझीलच्या पोर्तुगीजची अर्धी गंमत नाकात आहे. अनुनासिक स्वर प्रचंड, आंउ, ईं, ओं, आणि ते गाताना सूर नाकात गुंजत राहतो, कडेला थोडासा धूर सोडल्यासारखा. कोकणीत नाकातले स्वर आहेतच, त्यामुळे गोव्याकडच्या किंवा तळकोकणातल्या कानांना हे लगेच ओळखीचं वाटेल, पुण्या-नागपूरच्या कानांना थोडा वेळ लागेल. रिओकडे शब्दाच्या शेवटचा स हा पुष्कळदा श होतो, इ च्या आधीचा द हा ज सारखा आणि त हा च सारखा होतो, शेवटचा ओ उ होऊन जातो. हे सगळं मऊ करणारे प्रकार आहेत, टोकं घासून घेतलेली भाषा. आता एक काम करा, कुठलीही एक ओळ घ्या, थांबवत थांबवत ऐका आणि जशी ऐकू येईल तशी देवनागरीत लिहून काढा, चंद्रबिंदू सढळ हाताने वापरा. चुकेल, चुकू द्या. आपली लिपी या कामाला फार सोयीची आहे, रोमनमध्ये लिहिलेलं वाचलं तर आपण हमखास इंग्रजी पद्धतीने वाचतो आणि वाट लावतो. लिहिलेली ओळ गाण्यासोबत म्हणून बघा, आरामात नाही जमणार, तुमचा दम कुठे तुटतो आणि एलिस तिथे श्वास न घेता कशी निघून जाते हे तेव्हाच कळतं.

(पाव, साबण, चावी, पगार, लिलाव हे आपले शब्द पोर्तुगीजमधून आलेत हे शाळेत सगळ्यांनी वाचलंय, म्हणून कोणी उत्साहाने ते गाण्यात शोधायला जाईल. नका जाऊ. प्रेमगीतात साबण आणि लिलाव सहसा येत नाहीत.)

तिसऱ्या खेपेला दोघांमधलं नातं ऐका. कोण कोणाच्या नंतर येतो, किती लवकर येतो, दुसऱ्याचा तुकडा संपायची वाट बघतो की मध्येच घुसतो. सुरुवातीला सभ्यपणे आलटून पालटून चाललंय, मग अंतर कमी होतं, मग शेवटाकडे दोघं एकमेकांचे शब्द तोडायला लागतात, अर्धं अक्षर हा, अर्धं ती, आणि एका जागी एलिसला हसू आवरत नाही आणि ते तसंच ठेवलंय रेकॉर्डमध्ये. हसण्याला कुठल्या डिक्शनरीची गरज पडते? पण त्यामागची हकीकत माहिती असली तर ते हसू जास्त चांगलं ऐकू येतं, म्हणून सांगतो. हा अल्बम रेकॉर्ड झाला लॉस एंजेलिसला. एलिस तेव्हा ब्राझीलची टॉपची गायिका, तिच्या रेकॉर्ड कंपनीने दहा वर्षं पूर्ण झाल्याबद्दल तिला ही जणू भेट दिली होती, की जा, जोबिमसोबत अल्बम कर. गेल्यावर सुरुवातीला जमेना. अरेंजमेंट करणार होता तिचा नवरा सेझार कामार्गो मारियानो, त्याला इलेक्ट्रिक पियानो वापरायचा होता, जोबिमला ते प्रकरण पसंत नव्हतं, बरीच धुसफूस झाली. त्या धुसफुशीनंतर हे असं गाणं निघालं. एलिस पुढे 1982 मध्ये गेली, वय अवघं 36. तिला लोक पिमेंतिन्या म्हणायचे, म्हणजे छोटी मिरची, आणि तिचे बाकीचे अल्बम ऐकलेत तर नाव का पडलं ते कळेल, तिथे ती चांगली तिखट आहे. इथे मात्र ती खेळतेय.

बरं, आता तेच गाणं जुआंउ जिल्बेर्तो या गायक-गिटारवाल्याचं. 1973 चा अल्बम, अल्बमचं नाव त्याचंच नाव, कव्हर पांढरं असल्याने लोक त्याला पांढरा अल्बम म्हणतात. गाणं पाच मिनिटांच्या वर आहे आणि त्यात एक माणूस, एक गिटार आणि बारीकसं तालवाद्य, बस. रेकॉर्डिंग केलंय वेंडी कार्लोसने, हो, तीच सिंथेसायझरवर बाख वाजवणारी. मायक्रोफोन इतका जवळ आहे की ओठ सुटल्याचासुद्धा आवाज कळतो.

इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे कारण माझ्या मते मराठी माणसाला ब्राझीलच्या संगीतात शिरायला याच्यासारखं दुसरं दार नाही. आधी ताल. सांबा दोन मात्रांचा, आणि त्यात सुर्दू नावाचा मोठा ढोल असतो त्याचा जड ठोका पडतो दुसऱ्या मात्रेवर. आपली सवय पहिल्या मात्रेला वजन द्यायची, टाळी सम शोधत पहिल्यावर जाते, त्यामुळे सांबा ऐकताना सुरुवातीला आपण सतत उलटे पडतो. उपाय सोपा आहे, पायाने एक हलका आणि दोन जड असा ठोका धरा, ए-क दोन, ए-क दोन, आणि तो पक्का झाला की मगच गाणं लावा. कार्निव्हलचा एखादा सांबा आधी ऐका ज्यात खरोखर सुर्दू आहे, म्हणजे पाया कळेल. त्या ढोलाच्या वर तांबोरीं नावाची छोटी डफ काठीने वाजते, ती आडवेतिडवे, ठोक्याच्या मधले तुकडे टाकत असते. आता जुआंउने काय केलं, तर हे सगळं पथक एका गिटारीत कोंबलं. उजव्या हाताचा अंगठा खालच्या तारांवर न चुकता ठोके देतोय, आणि बाकीची बोटं बाकीच्या तारा एकदम ओढून मधल्या जागांवर तुकडे टाकतायत. ऐकताना आधी फक्त अंगठा ऐका. मग फक्त बोटं. दोन्ही एकाच माणसाची आहेत हे मग जरा खरं वाटेनासं होतं.

आणि आता आवाज. जुआंउ कुजबुजल्यासारखा गातो, आवाजात कंप नाही, जोर नाही, नाटक तर शून्य, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की याला गायचाच कंटाळा आलाय. पण आवाज गिटारीच्या कुठे पडतोय ते बघा. ओळ जिथे यायला हवी त्याच्या आधी येते, किंवा मागे रेंगाळते, शब्द ताणले जातात, मग चार शब्द गर्दीने पाठोपाठ येतात, आणि एवढं सगळं करून तो बरोबर जागेवर पोचतो. गिटार या भानगडीत एक केसभरही हलत नाही. आपल्याकडे ठेका सरळ चालू असताना गायक लयीशी आडून खेळतो आणि समेला येऊन मिळतो तेव्हा आपण "क्या बात है" म्हणतो की नाही, तर इथे तीच दाद द्यायची जागा आहे, फक्त तिहाईसारखं काही वाजवून तो सांगत नाही की आता आलो बघा. चोरपावलाने येतो. ज्याला हे ऐकू आलं त्याला शब्द न कळल्याचं दुःख निम्मं कमी होतं असं माझं मत आहे.

त्याच्या बाबतीत एक किस्सा प्रसिद्ध आहे. 1950 च्या दशकात धंदापाणी काही जमत नव्हतं तेव्हा तो दियामांतिना नावाच्या गावात बहिणीकडे जाऊन राहिला आणि तिथे तासन् तास बाथरूममध्ये बसून गिटार वाजवायचा कारण फरशांमुळे आवाज छान घुमायचा, प्रत्येक सूर स्पष्ट कळायचा. तिथून तो हा हळू आवाज आणि ही गिटार घेऊन बाहेर पडला, आणि 1958 मध्ये त्याची जी सिंगल आली तिथून बोसा नोवा सुरू झालं असं धरतात. म्हणून याला मोठ्या स्पीकरवर लावून घर हादरवण्यात अर्थ नाही. आवाज कमी ठेवा, पंखा बंद करा.

जोबिमचं स्वतःचं व्हर्जनही आहे, 1973 च्या "मातिता पेरे" अल्बममध्ये. चांगलंय. पण आधीची दोन झाल्यावर ते ऐकलं नाही तरी चालेल.

आत्ता अर्थ वाचा. वाचल्यावर काय होतं बघा. काठी, दगड, काचेचा तुकडा, हातात घुसलेला काटा, पायाला झालेली जखम, बंद पडलेली गाडी, चिखल, बेडूक, साप, येऊन पडलेल्या विटा, घराचा आराखडा, मध्येच रात्र, मध्येच मरण, आणि फिरून फिरून मार्चचा पाऊस जो उन्हाळा संपवतोय. जोबिमचं रिओ राज्यातल्या डोंगराळ भागात पोसो फुंदो म्हणून ठिकाण होतं, तिथे घराचं काम चालू असताना हे गाणं झालं, म्हणजे विटा आणि आराखडा कल्पनेतून नाही आले. इथे एक गोष्ट आपल्या डोक्यातून मुद्दाम काढायला लागते. मार्च म्हटलं की आपल्याला शिमगा, परीक्षा, चढतं ऊन, आणि पाऊस आलाच तर अवकाळी, आंब्याच्या मोहराची काळजी. तिकडे दक्षिण गोलार्ध, मार्च म्हणजे उन्हाळ्याचा शेवट, तो पाऊस ठरलेला, दरवर्षीचा, रस्ते धुऊन नेणारा. इंग्रजी व्हर्जन जोबिमने स्वतःच लिहिलं आणि त्यात त्याने हे चक्क बदललं, उत्तरेतल्या लोकांसाठी मार्च म्हणजे वसंत, म्हणून तिथे वसंताची चाहूल आणली. त्यामुळे भाषांतर हवं असेल तर इंग्रजी व्हर्जन ऐकून काम भागवू नका, ते वेगळ्या ऋतूतलं गाणं आहे. मूळ पोर्तुगीजचं सरळ भाषांतर शोधा, आणि मशीनने केलेलं असलं तरी हरकत नाही, नुसत्या वस्तूंची यादी असल्याने मशीनचा फार घोळ होत नाही.

अर्थ वाचून झाला की लगेच पुन्हा 1974 वालं लावा. उतरणारा बास आता पाण्यासारखा वाटतो असं बरेच जण म्हणतात. मला तसं नाही वाटत, मला तो दिवस मावळताना कामावरची माणसं सामान आवरतात तसा वाटतो, पण तुमचं तुम्ही ठरवा. मुद्दा एवढाच की बास तुम्ही अर्थाच्या आधी ऐकला होता म्हणून आता त्याच्याशी अर्थ जोडता येतोय. उलट्या क्रमाने गेला असता तर बास कदाचित ऐकूच आला नसता.

हे जमलं की जरा अवघड गाणं घ्या, शिको बुआर्की या गायक-गीतकाराचं "कोन्स्त्रुसांउ", 1971. याचं मराठी सरळ आहे, बांधकाम. सहा मिनिटांच्या वर. इथे शब्दांत फार मोठं काम आहे, आणि तरी न कळताही एक गोष्ट पकडता येते. प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द ऐका. प्रत्येक. वजन शेवटून तिसऱ्या अक्षरावर पडतं आणि पुढची दोन अक्षरं घरंगळतात, ऊल्चिमा, माकिना, मूझिका, असे. एका ओळीत झालं तर योगायोग, पण इथे ओळीमागून ओळ तेच, हातोड्याचा घाव आणि मग खडी सांडल्याचा आवाज. मग दुसरी फेरी सुरू होते आणि ओळी ओळखीच्या वाटतात, पण शेवटचे शब्द जागा बदलून आलेले आहेत, जो मघाशी तिथे होता तो आता इथे. हे पकडायला पोर्तुगीज नाही लागत, एकदा कागद घेऊन बसा आणि शेवटचे शब्द आवाजाप्रमाणे लिहा, दुसऱ्या फेरीत तेच सापडतील. दरम्यान मागे काय चाललंय तेही बघा, सुरुवातीला गिटार आणि थोडा ताल, मग हळूहळू अरेंजमेंट करणाऱ्या रोजेरिओ दुप्रातने ऑर्केस्ट्रा असा चढवलाय की ट्रॅफिकमध्ये अडकल्यासारखं होतं, ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, अंगावर येतो, कोरस येतो. काहीतरी वाईट होणार हे तुम्हाला आधीच कळलेलं असतं. आणि मग वाचा, एका बांधकाम मजुराचा शेवटचा दिवस, घरून निघतो, भिंती बांधतो, जेवतो, वरून पडतो, मरतो, आणि रस्त्यावर त्याचं मढं रहदारीला अडथळा होतं. तेच तेच शब्द फिरवून तोच दिवस पुन्हा सांगितलाय. हे वाचून झाल्यावर मी तरी हे गाणं काम करता करता मागे लावून ठेवू शकत नाही.

ब्राझीलमध्ये 1964 पासून 1985 पर्यंत लष्करी राजवट होती आणि 1968 च्या डिसेंबरनंतर सेन्सॉर फारच कडक झाला. शिकोची गाणी इतकी अडवली जायची की पुढे त्याने एक खोटं नाव घेऊन गाणी पाठवली, जुलिन्यू दा आदेलाइदी, आणि ती पासही झाली. पण आपल्या विषयाला धरून यातली सगळ्यात कामाची गोष्ट मिल्टन नासिमेंतो या गायकाची आहे. 1973 मध्ये त्याचा "मिलाग्री दुस पेइशिस" हा अल्बम यायचा होता, माशांचा चमत्कार. त्यातल्या काही गाण्यांचे शब्द सेन्सॉरने कापले. मिल्टनने काय केलं, ती गाणी काढून टाकली नाहीत, शब्दांशिवाय गायली. आ, ओ, हाका, फॉल्सेटोमध्ये, म्हणजे पातळ केलेल्या उंच गळ्यात, वर वर जाणारा आवाज, किंकाळ्या, खाली नाना वास्कोन्सेलोसचं तालवाद्य. अल्बम तसाच बाजारात आला. म्हणजे विचार करा, 1973 मध्ये ब्राझीलमधल्या बेलो ओरिझोन्ती शहरातल्या माणसाने ती रेकॉर्ड विकत घेऊन घरी लावली तेव्हा त्याच्या हातात काय होतं? तुमच्या हातात आत्ता आहे तेच. आवाज. फरक एवढाच की शब्द का नाहीत हे त्याला माहीत होतं, आणि आता तुम्हालाही माहीत आहे.

म्हणून हा अल्बम ऐकताना क्रम उलटा करा. आधी ही हकीकत, मग गाणी, आणि शब्द शोधायचे नाहीत. अल्बम एका बैठकीत ऐका, मधून मधून शब्द असलेली गाणी येतात, त्यांच्यानंतर लगेच बिनशब्दांचं आलं की घसा कसा मोकळा होतो किंवा आवळतो ते ऐका. मिल्टन वाढला मिनास जेराइस राज्यात त्रेस पोंतास नावाच्या गावात, त्या भागात जुनी चर्चेस खूप, आणि त्याच्या वरच्या सुरांत कोरसमधल्या पोरासारखं काहीतरी सतत ऐकू येतं मला. ज्यांना कुमारजींच्या वरच्या षड्जाची चटक आहे त्यांना मिल्टन लगेच आवडेल असा माझा अंदाज आहे. आवडला तर "क्लुबी दा इस्किना" हा 1972 चा डबल अल्बम आहेच, लो बोर्जेससोबतचा, तो महिनाभर पुरेल.

एक सूचना, घरच्यांना किंवा मित्रांना ऐकवताना "याचा अर्थ असा आहे" म्हणून सुरुवात करू नका, आणि एलिस-टॉमचं लावून हसण्याच्या जागेपर्यंत गप्प बसा. कोणी "हे काय लावलंस" म्हटलं तर जुआंउ अजिबात लावू नका, तो दुसऱ्या दिवशीचा माल आहे, जोर्जी बेनचं "मास के नादा" लावा, ते सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या जाहिरातीत ऐकलेलं असतं.

आणि ही सगळी पद्धत कुठे चालत नाही तेही सांगून ठेवतो, नाहीतर कोणी रॅपला लावायला जाईल. साओ पाउलोचा रासिओनाइस एमसीज हा ग्रुप, त्यांचा 1997 चा अल्बम "सोब्रेविवेंदो नो इन्फेर्नो" इतका महत्त्वाचा मानतात की युनिकँप विद्यापीठाने प्रवेश परीक्षेच्या वाचनयादीत तो पुस्तकांच्या रांगेत घातला. त्यात एक गाणं आहे, एका कैद्याची डायरी, सात मिनिटांच्या वर, 1992 मध्ये कारांदिरू तुरुंगात पोलिसांनी 111 कैदी मारले त्यावर. बीट जवळजवळ बदलत नाही, चाल नाही, जे आहे ते बोलण्यात आहे. ते नुसतं आवाज म्हणून ऐकलं तर तुम्हाला एक बरा बीट आणि एक रागावलेला माणूस एवढंच मिळेल. तिथे आधी भाषांतर छापून घ्या, पूर्ण वाचा, कागद समोर ठेवा आणि मग प्ले दाबा.